बाइंडरच्या खिडकीतली कुंडी

"अहो, थांबा. हिचं भोक राहिलं."

हा आवाज मी फार वर्षांपूर्वी ऐकला. तेव्हा मी ओली होते, मऊ होते, आणि मला धड उभंही राहता येत नव्हतं. कुंभार मला फळीवर ठेवून पुढच्या गोळ्याकडे वळला होता. त्याची बायको मागून आली, तिने मला उचललं, उलटं केलं आणि ती हे बोलली.

"राहू दे गं," कुंभार म्हणाला. "एवढ्या ढिगात एकीचं राहिलं तर काय होतंय?"

"ढिगाला काही होत नाही. तिला होतं."

बोटाएवढ्या काडीने तिने माझ्या तळाला गोल भोक पाडलं. काडी फिरवताना ती स्वतःशीच गुणगुणत होती.

फिरतं फिरतं चाक, माती चढे वरवर
पाण्याला जायाला, ठेविते बाई दार

मित्रांनो, मी एक जुनी मातीची कुंडी आहे. उंची वीतभर, रंग विटेचा, आणि काठाला एक टवका उडालेला. हा टवका आमच्या बाइंडरला आता दारातूनसुद्धा दिसतो. 'आता' असं का म्हणते, तेच सांगायला मी बसले आहे. तशी मी जन्मभर बसलेलीच आहे म्हणा.

भट्टीबद्दल फार बोलत नाही. जी आत गेली ती मी वेगळी होते आणि जी बाहेर आली ती वेगळी, एवढंच. बाहेर आल्यावर कुंभाराच्या बायकोने मला बोटाने टिचकी मारली. मी खण्ण वाजले. ती हसली आणि तिने मला गाडीत ठेवलं.

तिथून मी एका नर्सरीत गेले. नर्सरीवाली मावशी डोक्याला रुमाल बांधायची आणि तिच्या नखांत बाराही महिने माती असायची. तिने माझ्यात एक बोटभर लांबीची फांदी लावली. त्या झाडाला जेड म्हणतात. त्याची पानं गोल आणि जाड असतात, शर्टाची बटणं पाण्यात फुगली तर कशी दिसतील, तशी. अशी झाडं पाणी पोटात साठवून ठेवतात. त्यांना सक्युलंट असं नाव आहे, पण मावशी त्यांना 'शिदोरीवाली झाडं' म्हणायची.

मावशीकडे झाडांचं एक जाडजूड पुस्तक होतं. ते इतकं फाटलं होतं की वारा आला की अर्धी बाग उडून जायची. तिने ते बाइंडरकडे शिवायला दिलं. तो पुस्तक परत द्यायला आला तेव्हा त्याची सात वर्षांची मुलगी बरोबर होती. ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि माझी पानं मोजू लागली.

"बावीस," ती म्हणाली. "आणि एक अर्धं."

"अर्धं नाही ते, उगवतंय," मावशी म्हणाली. "घेऊन जा ही कुंडी. बाबांनी पुस्तक छान शिवलं म्हणून. पण एक ऐकशील? माया आली की पाणी घालायचं नाही. माती वाळली की घालायचं."

"आणि माती वाळली नाही आणि माया आली तर?"

"तर नुसतं जवळ बसायचं."

अशी मी बाइंडरच्या खिडकीत आले.

ती खोली मला पाठ आहे. मधोमध लांब टेबल. त्याच्या एका टोकाला शिकंजा, म्हणजे चिकटवलेली पुस्तकं दाबून धरायचं लोखंडी यंत्र. दुसऱ्या टोकाला कागद कापायचं मशीन. त्याचं पातं हातभर लांब होतं आणि ते खाली आलं की सगळी खोली श्वास रोखायची. भिंतीला दोऱ्याची रिळं. टेबलावर दाभण, म्हणजे जाड सुई, घड्या दाबायची हाडाची पट्टी आणि मैद्याची खळ. खळीला कीड लागू नये म्हणून बाइंडर तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायचा. मोरचुदाचा खडा दिसायला निळा आणि सुंदर असतो, पण असतो विषारी. म्हणून टेबलावर पत्र्याचे दोन मग होते. एक स्वच्छ पाण्याचा, एक खळीचा ब्रश धुवायचा. दोन्ही जुळ्या भावांसारखे. घोटाळा होऊ नये म्हणून मुलीने स्वच्छ पाण्याच्या मगाला लाल रंगाचा पट्टा काढला होता.

या खोलीत माझी बारा-तेरा वर्षं गेली. झाड वाढलं, त्याचं खोड अंगठ्याएवढं झालं, फांद्या काचेला टेकल्या. मुलगीही वाढली. पहिल्याच दमात ती दाभणात दोरा ओवायची, म्हणून तिचं नाव सुई पडलं. बाइंडर तिला कौतुकाने 'सुईबाई' म्हणायचा. गिऱ्हाइकं यायची, पुस्तक शिवून होईपर्यंत माझ्याकडे बघत उभी राहायची, आणि जाताना म्हणायची, "एक पान द्याल का हो? लागतं का बघतो." आमच्या पानांपासून उगवलेली झाडं आज किती खिडक्यांत असतील, मला माहीत नाही. एकदा वरच्या फळीवरून शब्दकोश माझ्या अंगावर पडला. काठाचा टवका तेव्हाचा. शब्दांचा मार मी आयुष्यात तेवढा एकदाच खाल्ला.

बाइंडर मला पाणी घालायचा तो पानांकडे बघून. पानं जराशी सुरकुतली की एक मगभर. नाहीतर पंधरा-पंधरा दिवस नाही. त्याची नजर इतकी बारीक होती की पुस्तकातलं एक पान उणं असलं तर त्याला पाठीकडून बघून कळायचं.

मग एका दुपारी सुईला पत्र आलं.

दीड दिवसाच्या रेल्वेप्रवासावरच्या एका शहरात जुनी पुस्तकं आणि हस्तलिखितं दुरुस्त करायचं शिक्षण मिळतं. तिथे तिची निवड झाली होती. दोन वर्षं तिकडेच राहायचं होतं.

"बाबा, वाचा ना," तिने पत्र पुढे केलं.

"तूच वाच. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

तिने वाचलं. बाइंडरने दोनदा वाचायला लावलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. सुई आईला सांगायला आत पळाली. खोलीत तो आणि मी एवढेच उरलो. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, घातला, पुन्हा काढला. मग मला दोन्ही हातांनी धरून तो अगदी हळू बोलला.

"सगळं गढूळ दिसतंय गं. चष्मा कितीही पुसला तरी. अक्षरं म्हणजे नुसत्या मुंग्या. पण हिला कळलं तर ही जायची नाही. तू बोलू नकोस."

मी काय बोलणार? सगळ्या घरात हे फक्त मला ठाऊक होतं, आणि माझं तोंड मातीने भरलेलं होतं.

मित्रांनो, आता चूक कशी झाली ते ऐका. बाइंडरला पानांच्या सुरकुत्या दिसेनात. मग त्याने बोटाने माती चाचपायला सुरुवात केली. पण त्याच्या बोटांवर वर्षानुवर्षांच्या खळीचे थर. त्या बोटांना ओलं आणि कोरडं सारखंच लागायचं. मग त्याला वाटू लागलं, झाड तहानेनं मरत असेल आणि आपल्याला दिसत नसेल. म्हणून तो रोज पाणी घालू लागला. जेवढं दिसेना तेवढी त्याने माया वाढवली.

आणि मगाचा लाल पट्टाही त्याला दिसेना.

कधी स्वच्छ पाणी यायचं, कधी खळीचं. खळीचं पाणी आलं की माझ्या अंगातली बारीक बारीक छिद्रं बुजायची. माती चिकट झाली, मग आंबली. थोडी थोडी खळ तळाशी साचत गेली, आणि कुंभाराच्या बायकोने इतक्या मायेने ठेवलेलं ते दार एक दिवस बंद झालं. माझ्यात येणारं पाणी आता बाहेर जाईना. मुळं चिखलात उभी होती. मी त्यांना चारी बाजूंनी धरून होते, आणि तेच चुकत होतं.

आधी खालची दोन पानं पिवळी पडली. मग सहा. मग एक अख्खी फांदी.

"बाबा, पानं पिवळी झालीत," सुई म्हणाली.

"नवी पालवी असेल."

"पालवी खालून फुटते का?"

"मग उन्हानं तशी दिसत असतील."

"ऊन त्या बाजूला आहे."

"तूच बघ बाई काय ते," असं म्हणून बाइंडर शिकंज्याकडे वळला. शिकंजा रिकामा होता. तरी त्याने तो आवळला.

सुईने आपल्या परीने डॉक्टरकी केली. आधी तिला वाटलं झाडाला पाणी कमी पडतंय, म्हणून तिनेही एक मग ओतला. मग वाटलं ऊन जास्त होतंय, म्हणून मला कोपऱ्यात ठेवलं. मग वाटलं ऊन कमी होतंय, म्हणून गच्चीत नेलं. शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून चहाचा चोथा घातला. आई दारातून म्हणाली, "एकाच वेळी सगळी औषधं दिली तर बरं झालं तरी कशानं झालं ते कळायचं नाही." पण बरं काही झालंच नाही. पानं पिवळी होत होती आणि बोट लावलं की गळत होती.

त्यातच कामातही गोंधळ होऊ लागला. एका पुस्तकाचा फर्मा, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा गठ्ठा, बाइंडरने उलटा शिवला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. लालसर कापडाऐवजी तपकिरी चिकटवलं. मग एक दिवस पात्याखाली अंगठा आला. जखम नखापुरतीच होती, पण सुईने अंगठ्याला चिंधीचे चार वेढे घातले.

"तुमचं लक्ष कुठे असतं हल्ली?"

"म्हातारपण, दुसरं काय."

"पत्र आल्यापासूनच बरं आलं म्हातारपण." तिने गाठ मारली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "बाबा, मी नाही गेले तर?"

"जायचंच," तो ओरडला. तो कधी ओरडत नसे. दोघेही दचकले.

माझ्या लक्षात आलं की सुई झाडाचं जसं चुकीचं निदान करत होती तसंच बाबांचंही करत होती. तिला वाटत होतं, आपण जाणार म्हणून त्यांचं मन थाऱ्यावर नाही.

शेवटी तिने नर्सरीवाल्या मावशीला निरोप धाडला. कुंडी घेऊन येऊ का, असं ती विचारत होती. मावशीने निरोप पाठवला, हलवू नकोस, मीच येते. आजारी कुठे राहतो ते बघितल्याशिवाय आजार कळत नाही.

मावशी आली. रुमाल तोच, फक्त त्याखालचे केस पांढरे झालेले. तिने मला टेबलावर घेतलं आणि एक पिवळं पान दोन बोटांत धरलं. ते लगेच तिच्या हातात आलं. झाडाने हूं की चूं केलं नाही.

"हे बघ," ती सुईला म्हणाली. "तहानलेलं पान सुरकुततं, पातळ होतं. हे फुगलंय. उजेडात धर, द्राक्षासारखं आरपार दिसतंय. दाब. कसं लागतंय?"

"पिळपिळीत."

"म्हणजे हे तहानेचं पिवळं नाही. हे बुडाल्याचं पिवळं."

"पिवळ्यातसुद्धा प्रकार असतात?"

"बाबांना विचार. कागदात नसतात का?"

बाइंडर इतका वेळ मागे उभा होता. तो म्हणाला, "असतात की. जुना झालेला पिवळा वेगळा, ओल लागलेला वेगळा, उन्हात पडलेला वेगळा. बोटानं कळतं."

"तसंच आहे," मावशी म्हणाली. "खालचं एखाद-दुसरं पान पिवळं होऊन कागदासारखं वाळतं आणि पडतं, ते वयानं. त्याला औषध लागत नाही. उजेड कमी पडला की झाड लांबुडकं आणि फिकं होतं, खिडकीकडे मान काढतं. पानाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर कीड." तिने प्रत्येक बेचकं नीट बघितलं. "कापूस नाही. आता नाक इकडे आण."

सुईने वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "आंबलंय. मावशी, हा तर खळीचा वास."

"पाणी कोण घालतं?"

"मी," बाइंडर म्हणाला. "रोज. न चुकता."

"रोज?" मावशीने रुमाल मागे सारला. "आणि कशानं?"

"या मगानं." त्याने टेबलावरचा मग मोठ्या अभिमानाने उचलून पुढे धरला.

त्यात निळसर पांढरं पाणी होतं आणि त्यावर ब्रशाचा एक केस तरंगत होता.

"बाबा, हा खळीचा मग आहे," सुई म्हणाली.

"गडबडीत उचलला," बाइंडर म्हणाला.

सुई हसली. "एवढा मोठा लाल पट्टा काढलाय मी. आता काय मगावर तुमचं नाव लिहू?"

मावशी हसली नाही. ती चष्मा पुसणाऱ्या बाइंडरकडे बघत होती. मग सुईला म्हणाली, "कोपऱ्यावर बांधकाम चाललंय ना? तिथून जाड वाळू आण. विटेचा चुरा मिळाला तर तोही."

सुई गेली. तिच्या पावलांचा आवाज जिना उतरून गेला तसं मावशीने विचारलं, "किती दिवस झाले?"

"पानं ना? महिना झाला असेल."

"मी पानांचं विचारत नाहीये, बाइंडर."

तो खुर्चीवर बसला. "वर्ष होत आलं. तिला सांगू नका. ती राहील मग."

"मी नाही सांगणार. तुमच्या घरातलं मी कोण सांगणार? पण ती तशीही राहील, असं मला वाटतंय. चुकीच्या कारणानं."

बाइंडर चिंधी बांधलेल्या अंगठ्याने टेबलाची कड चाचपत राहिला.

सुई वाळू घेऊन आली आणि उपचार सुरू झाले. मावशीने झाड माझ्यातून ओढून काढलं. मुळं तपकिरी झाली होती, हात लावला की सुटत होती. तिने बाइंडरची सुरी स्पिरिटने पुसली आणि खोड कापलं. आत तपकिरी डाग होता. "अजून वर," ती म्हणाली. सुरी पुसून पुन्हा कापलं. तरीही डाग. सुईने तोंड फिरवलं. तिसऱ्यांदा आतलं अंग स्वच्छ हिरवं निघालं. खिडकी भरून टाकणाऱ्या झाडातली वीतभर फांदी हाती लागली. तिच्यावर नऊ पानं होती.

"एवढंच?" सुईने ती तळहातावर घेतली.

"जे जगणार आहे ते एवढं आहे," मावशी म्हणाली. "आठ दिवस हिला सावलीत कागदावर कोरडी ठेवायची. कापलेल्या जागी खपली धरू दे. ओली लावलीस तर पुन्हा कुजेल."

मग माझी पाळी आली. सुईने मला घासणीने खसाखसा घासलं. मावशीने मला उलटं केलं आणि ती म्हणाली, "हिचं भोक बुजलंय. दाभण आणा."

मित्रांनो, मला कुंभाराची बायको आठवली.

दाभण बाइंडरने घेतलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. डाव्या हाताच्या बोटाने त्याने माझा तळ चाचपला, भोकाची कड शोधली आणि दाभण नेमकं मधोमध लावलं. आयुष्यभर कागदाला भोकं पाडणारा तो हात, त्याला डोळे लागत नव्हते. कागदाच्या बोळ्यासारखा घट्ट खळीचा गोळा बाहेर पडला आणि त्यामागून काळं पाणी. मग माझ्यातून आरपार वारा गेला. किती दिवसांनी.

मला तीन दिवस उन्हात वाळवलं. वाळल्यावर मावशी पुन्हा आली, तिने मला बोटाने टिचकी मारून वाजवलं आणि ती बाइंडरला म्हणाली, "ऐका. कोरडी कुंडी खण्ण बोलते, ओली भद्द बोलते. शिवाय उचलून बघा, कोरडी हलकी लागते. पाणी घालायच्या आधी हिला विचारत जा." ती हळूच पुढे म्हणाली, "याला डोळे लागत नाहीत."

अशा रीतीने मला माझा आवाज परत मिळाला.

आठ दिवसांनी फांदी माझ्यात लागली. जाड वाळू, विटेचा चुरा आणि थोडीशीच माती. पुढचा आठवडा पाण्याचा थेंब नाही. त्यानंतर रोज सकाळी बाइंडर यायचा, हाडाच्या पट्टीने मला दोनदा वाजवायचा, कान देऊन ऐकायचा, आणि मी खण्ण म्हटलं तरच पाणी घालायचा. पाण्याचा मग आता सुई भरून वेगळ्या खिडकीत ठेवायची. फांदी नुसती उभी होती. जगतेय की नाही ते मलाही कळत नव्हतं. मी फक्त तिला धरून होते, या वेळी सैल.

सुईला जायला पंधरा दिवस राहिले. तेव्हा तिने त्या शहरातल्या संस्थेला एक पत्र लिहिलं. मी येऊ शकत नाही, माझी जागा दुसऱ्या कुणाला द्यावी, अशा चार ओळी. ते तिने पाकिटात घातलं नाही. बाबांना दिसावं म्हणून टेबलावर मधोमध उघडं ठेवलं. त्यांनी ते वाचावं आणि काहीतरी बोलावं, एवढंच तिला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाइंडर आला, त्याने मला वाजवलं, आणि उन्हाच्या अंदाजाने मला उचलून टेबलावर ठेवलं. त्या पत्रावर.

एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. सुई आत-बाहेर करताना माझ्याकडे बघायची, माझ्या बुडाखालच्या कागदाकडे बघायची. बाबांनी पत्र वाचलं आणि वर कुंडी ठेवून दिली, असं तिला वाटलं. म्हणजे त्यांना ते मान्य आहे, असंही वाटलं. तिने पाकीट आणलं. तिकीट आणलं. माझ्या खाली ती शाई होती आणि मला ती टोचत होती.

आणि त्याच तीन दिवसांत, मित्रांनो, फांदीच्या टोकाला काहीतरी हललं.

गोष्ट पुरी करण्याआधी मला तुम्हाला थोडं सांगायचं आहे. तुमच्याही घरात अशी जाड पानांची झाडं असतील. पान पिवळं दिसलं तर घाईने पाणी घालू नका. आधी ते हातात घ्या. मऊ आहे की सुरकुतलेलं, वरचं आहे की खालचं, ते बघा. मातीचा वास घ्या. कुंडी उचला, तिला वाजवा, तिच्या तळाचं भोक उघडं आहे का ते तपासा. आणि पाणी कोण घालतंय, कशाने घालतंय, हे नक्की विचारा. विचारताना हसू नका. आम्ही मातीच्या कुंड्या आत घेतलेलं सगळं धरून ठेवू शकत नाही. धरून ठेवायला लागलो की आमच्यात जे वाढतंय तेच कुजतं. माणसांचं काय होतं ते मला पूर्ण माहीत नाही. मी एकाच माणसाला इतक्या जवळून ओळखते.

तर ती चौथी सकाळ. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. सुई पाकीट घेऊन आली, माझ्यासमोर वाकली आणि तशीच थांबली.

"बाबा, या ना इकडे. पान आलंय."

बाइंडर हातातलं पुस्तक ठेवून लगबगीने आला. चष्मा पुसून तो माझ्यावर वाकला. त्याचा श्वास त्या पानावर आला.

"वा," तो म्हणाला. "छान. हिरवंगार."

सुई पानाकडून त्याच्या चेहऱ्याकडे वळली. मग सावकाश म्हणाली, "हिरवं आहे. पण कडेनं लाल आहे, बाबा. चांगलं ठसठशीत लाल. मगाच्या पट्ट्यासारखं."

बाइंडर सरळ झाला.

"आणि पत्रावर तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"कुठलं पत्र?"

"ज्यावर कुंडी ठेवलीत ते. तीन दिवस झाले."

त्याने हात पुढे केला. त्याची बोटं माझ्या अंगावरून खाली गेली, तळापर्यंत, आणि कागदाच्या कडेला लागली. कागद त्याने दोन बोटांत चोळला, जसा तो आयुष्यभर चोळत आला होता.

"काय लिहिलंयस?"

"मी येत नाही, असं."

सुईचा आवाज बदलला होता. ती त्याच्याकडे बघत होती, आणि मला वाटतं, त्या क्षणी तिच्या डोळ्यांपुढून उलटा फर्मा गेला, तपकिरी कापड गेलं, चिंधी बांधलेला अंगठा गेला आणि दोन जुळे मग गेले. पण ती एका शब्दानेही त्याच्या पुढे धावली नाही. लहानपणी ती माझ्याजवळ बसायची तशी ती नुसती उभी राहिली.

बाइंडरने टेबलावरची हाडाची पट्टी शोधली. त्या पट्टीने त्याने मला एकदा वाजवलं. मी होती नव्हती तेवढी ताकद लावून खण्ण म्हटलं.

मग तो बोलला.

"मला दिसत नाही, सुईबाई. पानाची कड नाही, मगाचा पट्टा नाही, हे पत्रही नाही. वर्ष झालं. तू राहशील म्हणून बोललो नाही. आता ते फाड, आणि जायच्या आधी मला डोळे दाखवायला ने."